मानशीची दारे

आमच्या भोवताली

गेल्या फाल्गुनात आमच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. पत्र चार ओळींचेच होते. "आमच्या माहेरच्या विहिरीचे पाणी दोन वर्षांपासून मचूळ लागते. आई डाळ चुलीवर ठेवते ती तासन् तास शिजत नाही; चहा तर तोंडात धरवत नाही. गावातली मंडळी म्हणतात, नदीच्या बांधाला खांड पडली म्हणून असे झाले. पण बांध कोठे आणि आमची विहीर कोठे! आपण या विषयावर काही लिहाल काय?"

अशा पत्राला घरबसल्या उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटेना. म्हणून एका रविवारी आम्ही झुवारीकाठच्या त्या गावी गेलो. भगिनीच्या मातोश्रींनी प्रथम विहिरीचे पाणी पेल्यात घालून पुढे केले, आणि मग शेजाऱ्यांकडून आणलेल्या पाण्याचा चहा. दोन्ही आम्ही घेतले. पत्रातील एकही शब्द वाढवून लिहिलेला नव्हता. त्यांचे थोरले दीर, ज्यांना सारा गाव आपा म्हणतो, ते वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेले गृहस्थ. हातात काठी घेऊन ते आमच्यापुढे चालू लागले. "खांड बघायची ना? चला. पण वहाणा इथेच ठेवा, पुढे चिखल आहे."

बांधावरून जे दिसले ते सांगण्यापूर्वी, परगावच्या वाचकांसाठी खाजन म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. गोव्यातल्या वाचकांनाही ते सांगण्याची वेळ आता आली आहे, हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो.

आमच्या नद्या समुद्राला मिळतात तेथे त्या एकाच दिशेने वाहत नाहीत. दिवसातून दोन वेळा भरती येते आणि दोन वेळा ओहोटी लागते. उधाणाच्या दिवसांत या दोहोंमधील अंतर सुमारे दोन मीटर असते, आणि भरतीचा परिणाम मांडवी-झुवारीच्या मुखापासून आत सुमारे ५० किलोमीटरपर्यंत जाणवतो. उन्हाळ्यात हे पाणी खारे असते. मृगाचा पाऊस पडला की तीच नदी जवळजवळ गोडी होते. अशा नदीच्या काठी भरतीच्या पातळीहूनही सखल असलेला जो दलदलीचा पट्टा, तो आपल्या पूर्वजांनी बांध घालून पाण्यातून सोडवला आणि त्यात भातशेती केली. ही खाजन जमीन. तिसवाडी, बार्देश, सासष्टी, फोंडा, डिचोली, पेडणे अशा तालुक्यांतून मिळून ती सुमारे १८,००० हेक्टर मानली जाते. कोकणात अलिबाग-पेणकडे हिलाच खारभूमी म्हणतात, आणि केरळातील पोक्कळी भातशेती हीही याच कुळातली.

बांध घातला, पाणी अडवले, एवढ्यावर भागत नाही. पावसाळ्यात येथे सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. बाहेरचे खारे पाणी आत येऊ नये आणि आतले पावसाचे पाणी मात्र बाहेर जावे, ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी व्हावी लागतात. ती करते मानस. मानस म्हणजे बांधातले दगडी मोरीसारखे तोंड आणि त्याला बसवलेली लाकडी दारे. दारांची योजना अशी की नदीला भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानेच ती मिटतात. ओहोटी लागून बाहेरची पातळी उतरली की आतल्या पाण्याच्या रेट्याने ती आपोआप उघडतात. यात ना यंत्र, ना तेल, ना वीज. चंद्राच्या ओढीने समुद्र हलतो आणि समुद्राच्या हलण्याने दार हलते. मानशीच्या आतल्या बाजूस पाणी साठायला एक खोल जागा असते, तिला पोंय म्हणतात. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली तरी ती पोंय व तिला जोडलेले चर काही तास पाणी पोटात धरतात आणि गाव बुडत नाही.

पिकांचेही असेच. पावसाने माती धुऊन निघाली की कोरगुट, आसगो यांसारखी, थोडेफार खारेपण सोसणारी भाताची देशी वाणे पेरली जात. कोरगुटाच्या तांबूस उकड्या तांदळाची पेज ज्यांनी लहानपणी प्यायली आहे त्यांना तिची चव वेगळी सांगायला नको. भात कापले की हिशेबाने थोडे खारे पाणी आत घेत, आणि त्याबरोबर सुंगटे, शेवटे, काळुंदर, कुर्ल्या येत. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून ती मासळी धरत. हा मासे धरण्याचा हक्क गावकरी, म्हणजे कोमुनिदाद, दरसाल पावणी करून देत असे, आणि पावणीच्या पैशांतून बांधाची डागडुजी होत असे. काही ठिकाणी याच पाण्यावर मिठागरे चालत.

यातली खुबी वाचकांच्या ध्यानी आली असेलच. भात बांधावर अवलंबून, मासळी मानशीवर अवलंबून, आणि बांध व मानस ही दोन्ही त्या मासळीच्या उत्पन्नावर अवलंबून. भूमीने दिलेल्या लाभाचा एक वाटा भूमीलाच परत करण्याची ती व्यवस्था होती. आजकाल निसर्ग माणसाला ज्या सेवा देतो त्यांची मोजदाद करून त्या राखण्याचा खर्च कोणी सोसायचा यावर मोठमोठ्या परिषदा भरतात. आमच्या गावकऱ्यांनी हा प्रश्न पावणीच्या दिवशी सोडवलेला होता.

ही व्यवस्था किती जुनी, यावर विद्वानांत चर्चा चालते. एवढे मात्र निश्चित की पोर्तुगीज १५१० मध्ये येथे आले तेव्हा ती नांदती होती. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया याने गावकरांच्या चालीरीतींची सनद लिहून काढली, ती या आधीपासून चालत आलेल्या ग्रामव्यवस्थेचीच नोंद होय. राज्यकर्ते बदलले, कित्येकांचे धर्म बदलले, देवळे नदीपलीकडे गेली. तरी बांधाची मशागत थांबली नाही, कारण भरती कोणासाठी थांबत नाही.

मग ती थांबली केव्हा? येथे आम्ही पुन्हा आपांकडे वळतो.

बांधावरून ते आम्हांला पाण्याकडे बोट करून दाखवीत होते. "तो आमचा कुणगा. त्याच्यापलीकडे थोरल्या भावाचा. ती मेर दिसते ना, ती दिसत नाही आता, पण होती." खांड चांगली पंधरा-वीस हात रुंद झाली होती. दर भरतीला पाणी तिच्यातून घोंगावत आत येई आणि दर ओहोटीला थोडी थोडी माती घेऊन जाई. आत जेथे भात डोलायचे तेथे तिवराची आणि कांदळाची कोवळी झाडे उगवली होती. कडेच्या काही माडांचे शेंडे गळून पडले होते. नुसती खोडे खांबांसारखी उभी होती. मानशीचे एक दार निखळून चिखलात पडले होते आणि दुसऱ्याच्या जागी दार नव्हतेच, जाळे बांधायच्या दोऱ्या तेवढ्या होत्या.

आम्ही विचारले, "आपा, हे कोणी केले?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सगळे म्हणतात सरकारने केले. मीही लोकांत तसेच म्हणतो. पण तुम्ही लिहिणार आहात म्हणून खरे सांगतो. आम्हीच दार उघडे ठेवले."

त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे. १९६४ चा कृषी कुळ कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती यांमुळे कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांना मिळालेला तो न्यायच होता, आणि त्याबद्दल कोणी खेद मानू नये. पण जमिनीबरोबर बांधाचे काय? १९७५ च्या नियमांनी ती संयुक्त जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे दिली. कोमुनिदादीचा हात सुटला आणि संघटनेचा हात नीट बसला नाही. दरम्यान मुले शिकली, कोणी मुंबईला, कोणी आखातात, कोणी बोटीवर गेली. शेतात राबायला माणूस मिळेना आणि भाताला भाव येईना. मासळीचा भाव मात्र दरसाल चढत होता. मानशीची पावणी घेणाऱ्याला दार जितके अधिक उघडे तितकी मासळी अधिक. "पहिल्या वर्षी त्याने मीठपाणी पंधरा दिवस जास्त ठेवले. आम्ही बोललो नाही, कारण पावणीचा आकडा वाढला होता, आणि वाटा आम्हांलाही होता. दुसऱ्या वर्षी महिना. मग एकाचे शेत पडीक राहिले, मग चौघांचे. पडीक शेतवाला बांधावर माती टाकायला कशाला येईल? आणि मग एका श्रावणात खांड पडली."

ही एका गावची कथा नव्हे. खाण व्यवसाय जोरात होता त्या दशकांत खनिज वाहणाऱ्या बार्जांच्या लाटांनी मांडवी-झुवारीकाठचे बांध खचत गेले. नव्वदीच्या दशकात काही खाजनांची कोळंबीची तळी झाली. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनारी नियमन क्षेत्रातील औद्योगिक कोळंबी-तळी काढून टाकण्याचा आदेश दिला, पण त्याने खारावलेली माती काही आपोआप गोडी झाली नाही. काही खाजने भराव घालून रस्त्यांनी व घरांनी गिळली. या साऱ्यांचा दोष आहेच. पण बाहेरचे घाव बसण्याआधी आतली राखण सैल झाली होती, हे आपांनी कबूल केले आणि ते कबूल करायला धैर्य लागते. आम्हीही येथे नमूद करतो की बाजारात सुंगटांचा वाटा मोठा दिसला की तो कोठल्या मानशीतून आला हे आम्ही कधी विचारलेले नाही.

आता भगिनीच्या विहिरीबद्दल. बांध आणि विहीर यांत अर्ध्या मैलाचे अंतर आहे, हे खरे. पण जमिनीखाली ती दोन्ही शेजारीच असतात. किनाऱ्याजवळच्या भूमीत पावसाचे गोडे पाणी हलके म्हणून वर तरंगते आणि समुद्राचे खारे पाणी जड म्हणून खाली राहते. समुद्राच्या पातळीवर गोडे पाणी एक हात उंच असेल तर ते खाली सुमारे चाळीस हात खाऱ्या पाण्याला दाबून धरते, असा शास्त्राचा ढोबळ हिशेब आहे. याचा उलटा अर्थ भयंकर आहे. वरचा एक हात गेला की खालचे चाळीस हात गेले. खाजनात पावसाळाभर भाताच्या निमित्ताने गोडे पाणी उभे राही, ते मुरे, आणि विहिरींच्या पाण्याला आधार देई. तेथे आता दिवसातून दोन वेळा खारे पाणी उभे राहते. त्यात गावात पंप बसले आणि उपसा वाढला. म्हणजे गोड्या पाण्याचा वरचा आधार आम्ही दोन्ही हातांनी काढून घेतला. डाळ शिजत नाही ती यामुळे.

मग खांड बुजवावी, झाले! आम्हांसही प्रथम तसेच वाटले. पण आपांचा पुतण्या, जो पणजीस नोकरीला असतो, त्याने आणखी एक गाठ पुढे ठेवली. "तिथे आता खारफुटी आली आहे. ती तोडायला कायद्याने बंदी आहे. बांध बांधला तर ती मरेल. नाही बांधला तर शेत गेले." परवानगीसाठी तो एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात वर्षभर फिरला. एकाने सांगितले, हे शेत आहे, आमच्याकडे नको. दुसऱ्याने सांगितले, हे वन आहे, हात लावू नका.

खारफुटी ही शत्रू नव्हे. तिच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात, ती लाटांचा जोर मोडते, किनाऱ्याची माती धरते. चोडण बेटावर १९८८ मध्ये घोषित झालेले सलीम अली पक्षी अभयारण्य हे १७८ हेक्टरांचे खारफुटीचेच रान आहे, आणि तेथील पक्षी पाहून कोणाचेही मन प्रसन्न होते. जुन्या खाजनात बांधाच्या नदीकडील अंगास खारफुटीची रांग मुद्दाम राखत, कारण तीच बांधाचे कवच असे. प्रश्न झाडाचा नाही, जागेचा आहे. तेच तिवर बांधाबाहेर असले तर ते बांध निरोगी असल्याचे लक्षण, आणि आत उगवले तर आजाराचे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने गोव्यासाठी वेगळी तरतूद केली, तीत हीच जाण दिसते: खाजने नकाशावर आणावीत, त्यांच्या कडेची खारफुटी जपावी, खाजनांच्या व्यवस्थापनाचा आराखडा करावा आणि त्यांत विकासकामे होऊ देऊ नयेत. कागदावर दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. बांधावर त्या नांदवायच्या आहेत.

आमच्या अल्पमतीस जे दिसते ते असे. जी खाजने तीस-चाळीस वर्षांपूर्वी बुडाली आणि जेथे आज दाट रान उभे आहे, ती नदीला दिली असे मानावे. तेथे नवे जीवन वसले आहे आणि ते मोडण्याचा अधिकार आपण आपल्याच आळसाने गमावला आहे. पण जेथे खांड अलीकडची, रोपे कोवळी आणि शेजारच्या घरांच्या विहिरी संकटात आहेत, तेथे बांध उभा राहिलाच पाहिजे, आणि जितकी झाडे आत जातील तितकी बांधाबाहेर लावली पाहिजेत. यासाठी शेती, वन आणि जलसंपदा या तिन्ही खात्यांनी एकाच दिवशी एकाच बांधावर उभे राहावे, म्हणजे अर्जदाराला वर्षभर फिरावे लागणार नाही.

दुरुस्तीचाही क्रम असतो. आधी मानस, मग बांध, मग माती, आणि शेवटी बियाणे. मानस धड नसताना खांड बुजवली तर आतले पावसाचे पाणी कोंडून नव्या ठिकाणी बांध फोडते. बांध जांभा दगड आणि नदीकाठचा चिकण चिखल यांचा असावा; नुसते काँक्रीट मऊ गाळावर बसते, खचते आणि तडकते. खाजनाची माती एकदम कोरडी ठणठणीत करू नये, कारण खारफुटीच्या चिखलात गंधकाची संयुगे दडलेली असतात. त्यांना हवा लागली की माती आम्ल होते आणि भात जळते. पाऊस आत घ्यावा, क्षार विरघळू द्यावेत, ओहोटीला मानशीतून ते बाहेर सोडावेत. पुन्हा पाऊस, पुन्हा ओहोटी. एका पावसाळ्यात हे काम पुरे होईलच असे नाही. मग कोरगुट आहे, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या जुने गोवे येथील संस्थेने निवडलेली, खारेपण सोसणारी 'गोवा धान' ही वाणेही आहेत.

आणि खर्च? भाताच्या उत्पन्नातून बांध राखणे आता शक्य नाही, हे मान्य करावे. पण खाजन केवळ भात देत नाही. ते पुराचे पाणी पोटात घेते, विहिरी गोड्या ठेवते, मासळीची पिल्ले वाढवते, पाखरांना थारा देते. ज्याचे एकही शेत नाही असा शहरातला मनुष्यही हे लाभ घेतो. मग त्याच्या कराचा एक अंश बांधाला का लागू नये? मानशीची पावणी चालू राहावी, पण तिच्या अटी शेताने घालाव्यात, मासळीने नव्हे. दार किती दिवस उघडे राहील हे गावच्या सभेत ठरावे, आणि अट मोडणाऱ्याची पावणी रद्द व्हावी. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशक बिघडलेल्या निसर्गव्यवस्था पुन्हा उभ्या करण्यासाठी वाहिले आहे. २०२२ मध्ये कुडचडे येथील नंदा तळे हे गोव्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेही माणसाने पाण्याला दारे लावून सांभाळलेले तळे आहे. माणसाचा हात लागला म्हणून निसर्ग नेहमी बिघडतोच असे नाही. लागलेला हात मध्येच सोडून दिला की मात्र तो बिघडतो.

घाई मात्र केली पाहिजे. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. वर्षाचा आकडा भाताच्या दाण्याएवढाही नाही. पण आमच्या बांधांची उंची आजोबांच्या काळातल्या भरतीवर ठरलेली आहे, नातवंडांच्या काळातल्या नव्हे.

परत निघताना आम्ही आपांना विचारले, "गाव एकत्र येईल काय?" ते म्हणाले, "मागच्या महिन्यात सभा बोलावली होती. अकरा जण आले. बाकीच्यांना वाटते, शेत करायचे नाही तर बांध कशाला? मी सांगितले, शेत नको असेल तर नको, पाणी तरी हवे ना? बांद गेलो, गांव गेलो." मग थोडे थांबून म्हणाले, "अकरांत माझा मुलगा नव्हता." यावर आम्हांस काही बोलता आले नाही.

आमच्या भगिनीस आमचे उत्तर असे. आपल्या माहेरची विहीर पुन्हा गोडी होऊ शकते; पण मानस व बांध नीट झाल्यानंतरही दोन-चार पावसाळे धीर धरावा लागेल, आणि तोवर पंपाचा उपसा गावाने मिळून कमी करावा लागेल. विहिरीत औषध टाकून किंवा ती अधिक खोल खणून काही साधणार नाही. खोल गेल्यास खारे पाणी अधिकच वर ओढले जाईल. आपले बंधू पुढील सभेस गेले तर अकराचे बारा होतील. आपण माहेरवाशीण असलात तरी त्या विहिरीचे पाणी पिऊन वाढलात. आपणही जावे, म्हणजे तेरा.

आणि इतर वाचकांस एवढीच विनंती. पावसाला अजून अवकाश आहे. या सुट्टीत गावी जाल तेव्हा देवदर्शन झाले की मुलांना घेऊन ओहोटीच्या वेळी आपल्या गावची मानस पाहून या. दारे दोन्ही जागेवर आहेत का, भरती चढू लागली की ती मिटतात का, एवढेच पाहा. मिटत नसतील तर गावात सांगा, आणि आम्हांसही कळवा.